गोगलगायी आणि जोमानानांचं मीठ

पनवेलला पावसाळ्यात घरात येणारी गोगलगाय शंखाची नसते, हे आधी सांगितलं पाहिजे. शाळेच्या पुस्तकातली गोगलगाय पाठीवर स्वतःचं घर घेऊन हिंडते. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्याकडची उघडी. काळपट, बोटाएवढी, हात लावला तर बोटाला चिकटणारी, आणि स्वतःचं घर नसल्यामुळे दुसऱ्याच्या घरात राहणारी. भाडं नाही, पागडी नाही, मालकाची परवानगी नाही. मोरीच्या भोकातून आत, तिथून पाण्याच्या हंड्याखाली, तिथून चुलीच्या ओट्यावर. सकाळी उठून पाहावं तर जमिनीवर चांदीच्या रेघा ओढलेल्या. रेघ कुठेतरी संपलेली असे, आणि जिथे ती संपली तिथे नेमका आपला पाय पडे.

अशा प्राण्यावरून एखाद्याची आठवण यावी हे त्या माणसाला कमीपणा आणणारं आहे, असं कोणी म्हणेल. जोमानाना म्हणाले नसते. त्यांचं गोगलगायींशी उघड वैर होतं, आणि वैरी चारचौघांत ओळखला जातो याचा त्यांना अभिमानच वाटला असता.

आम्ही बाजाराच्या मागे, खाडीच्या अंगाला असलेल्या कासमशेठच्या चाळीत राहायचो. मातीच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं, शेणाने सारवलेली जमीन, आणि मागच्या भिंतीला लागून उघडं गटार. स्वातंत्र्य येऊन दहाएक वर्षं झाली तरी ते उघडंच होतं. मी चाळीच्या भाडेकरू मंडळाची पत्रकं लिहायचे. पत्रक लिहिणाऱ्याला गटार उघडं असणं सोयीचं असतं असं काही लोक म्हणत. ते लोक पुढच्या ओळीत राहायचे, गटारापासून लांब.

जोमानाना आमच्या शेजारच्या खोलीत. त्यांचा सगळा जन्म मिठागरावर गेला. आधी मीठ ओढणारे, मग मुकादम, म्हणजे ओढणाऱ्यांवर देखरेख करणारे. म्हातारपणी मुलाकडे, बाळारामकडे, शहरात आले. बाळाराम एस.टी.त कंडक्टर. नाना उंच, काळे, आणि तळपाय खारट पाण्याने कायमचे पांढरे पडलेले. लांबून पाहिलं तर पायात मोजे घातलेत असं वाटे. धोतरावर जुना काळा कोट. कोटाच्या उजव्या खिशात मिठाचे खडे. दुसरे म्हातारे तंबाखू चघळतात तसे हे खडा जिभेवर ठेवत, डोळे मिटत, आणि जगाकडे दुर्लक्ष करत.

मीठ चाखून ते कुठल्या मिठागरावरचं हे नाना सांगत. खरं की खोटं हे तपासणार कोण? पण ते इतक्या ठामपणे सांगत की समोरचा मान डोलवी. एकदा बाजारातल्या एका लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारी बसलो होतो. पानाच्या डाव्या कोपऱ्यात मीठ वाढलं गेलं. नानांनी चिमूट जिभेवर ठेवली, आणि हात आखडून बसून राहिले. भात आला, वरण आलं, भाजी आली. नाना हलेनात. मुलीचा बाप धावत आला.

"नाना, काय चुकलं का?"

"नाय, नाय. जेवा तुमी."

"मग तुम्ही का थांबलात?"

"हा मीठ कोन आनला?"

"वाण्याकडून आणलं. का हो?"

नानांनी त्या बापाकडे अशा कळवळ्याने पाहिलं की त्याची मुलगी जणू वाईट घरात पडली आहे. "असू दे," ते म्हणाले. "भाजी चांगली असंल." आणि जेवले. त्या बापाच्या तोंडचं जेवण मात्र गेलं असणार.

नानांचं एकच तत्त्वज्ञान होतं: "चांगला मीठ रडत नाय. रडतो तो वान्याचा." रडणं म्हणजे पावसात पाणी सुटणं. मिठागरावर मिठाच्या राशी गवताने शाकारून सगळा पावसाळा काढतात. नानांच्या राशी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, शाकारल्या नसत्या तरी चाललं असतं. जुने सोबती अजून गाडी घेऊन बाजारात आले की नानांच्या दारात एक गोणी उतरवून जात. कौतुक म्हणून. खोलीच्या कोपऱ्यात ती गोणी देवासारखी बसलेली असे, आणि घरातल्या देवाला तिच्या मागची जागा मिळालेली.

आणि तेच मीठ गोगलगायींवरचं हत्यार. दुसऱ्या गावात गोगलगाय आली तर बाई चिमूटभर मीठ टाकते. मीठ विकत आणलेलं असतं, हात आखडता असतो. पनवेलला मिठाचा तुटवडा नव्हता, आणि जोमानानांकडे तर नव्हताच. रोज दिवेलागणीला ते करवंटीभर मीठ घेत आणि मागच्या भिंतीच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाड पांढरी ओळ घालत. मोरीच्या तोंडाशी वेगळी करवंटी. उंबऱ्याला वेगळी. रांगोळी घालणाऱ्या बायकांनी लाजावं अशी सरळ रेघ. गोगलगाय मिठाला लागली की फेस येऊन आक्रसते. ते पाहायला नाना थांबत नसत. ओळ घालून झाली की भिंतीकडे पाठ करून बसत.

"बघत का नाही, नाना?" मी विचारलं होतं.

"मरताना काय बगायचा बाय? आमी काय मालक हाव?"

हे वाक्य मी पुढच्या पत्रकात घातलं. त्यांचं नाव न घालता.

पलीकडच्या खोलीतल्या राधाकाकूंना हे पाहवत नसे. मीठ सांडलं तर मेल्यावर ते पापण्यांनी वेचावं लागतं, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. त्या दारात उभ्या राहून म्हणत, "नाना, रोज करवंटी करवंटी सांडता. वेचायला पापण्या पुरायच्या का तुमच्या?"

"सांडत नाय. पेरतो," नाना म्हणत.

"मग उगवेल हो एक दिवस."

काकूंना पत्रकं वाचता येत नसत, पण बोललेलं त्यांचं खरं व्हायचं.

अडचण अशी की गोगलगायी कमी होईनात. उलट दर पावसाळ्यात वाढत. भिंत गुडघ्यापर्यंत ओली, गिलाव्याला फुगे, फुगे फुटून पापुद्रे, आणि जमीन इतकी ओलसर की सारवण वाळेचना. नाना जितकं मीठ पेरत तितक्या गोगलगायी येत. नानांनी याचा अर्थ असा लावला की मीठ कमी पडतंय. मी याचा अर्थ असा लावला की मालक नालायक आहे.

अशातच बाळारामचं लग्न झालं. सून विमल मुंबईची, तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. तिसऱ्या मजल्यावर उंदीर येतात, झुरळं येतात, पाव्हणे येतात; गोगलगाय येत नाही. पहिला पावसाळा तिने दात ओठ खाऊन काढला. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्या कडेवर छबी होती, जेमतेम बसायला लागलेली. नानांचा जीव त्या पोरीवर असा जडला की जिभेवर खडा ठेवून डोळे मिटण्याऐवजी ते आता उघडे ठेवून तिच्याकडे पाहत बसत. मिठाशी एवढा दुजाभाव त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झाला असावा.

एक दिवस विमलने ट्रंक उघडली. गोगलगाय लग्नाच्या शालूवरून आरपार चालत गेलेली, पदरापासून निऱ्यांपर्यंत, आणि शेवटी छबीच्या झबल्यात जाऊन बसलेली. विमलने शालू दोन्ही हातांनी सासऱ्यांसमोर धरला. चांदीची लांबलचक रेघ उजेडात चमकत होती.

नाना तिला हसवायला गेले. म्हणाले, "बग, शालूला चांदीची जर आली फुकट."

विमल हसली नाही. तिने शालूची घडी केली, ट्रंक बंद केली, पोरीला उचललं, आणि पुढच्या गाडीने माहेरी गेली. त्या गाडीवर कंडक्टर बाळारामच होता, म्हणून भांडणही पूर्ण झालं नाही. उतारू ऐकत होते. निरोप एकच ठेवून गेली: या घरातली गोगलगाय बंद झाली की मला कळवा, तोवर पोरगी तिसऱ्या मजल्यावर वाढेल.

नानांनी त्या दिवशी दोन करवंट्या जास्त पेरल्या.

मग मात्र त्यांचं खाणं कमी झालं. दुपारी पायरीवर बसत आणि एस.टी. स्टँडकडून येणाऱ्या प्रत्येक बाईकडे पाहत. कडेवर मूल असेल तर उठून उभे राहत. एकदा मला हाक मारून म्हणाले, "बाय, तू लिवतेस ना त्या कागदावर. ही भिंत पडून नवी झाली तर ती येल. लिव."

मला आणखी काय हवं होतं? मी लिहिलं. खाडीचं खारं पाणी भरतीला गटारात चढतं, गटारातून भिंतीत चढतं, भिंतीतून भाडेकरूच्या संसारात चढतं, आणि मालक सुकी मासळी तोलत बसतो. मागची भिंत दगडात बांधून द्या, गटार झाका, तोवर भाडं बंद. मथळा होता: "एका शालूची साक्ष." पत्रक गाजलं. पुढच्या ओळीतल्या लोकांनीसुद्धा वाचलं.

रविवारी कासमशेठ अंगणात आले. कोकणी मुसलमान, ठेंगणे, पांढरी टोपी, काखेत छत्री, आणि अंगाला सुक्या बोंबलांचा पिढीजात वास. सगळी चाळ जमली. मी पत्रक वाचून दाखवलं. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं, बेटा?"

"झालं. आता उत्तर द्या."

"माझ्या बाकीच्या खोल्यांनाही तेच गटार लागून आहे. त्यांची भिंत एवढी का नाही गळत?"

"गळते," राधाकाकू म्हणाल्या. "पण आमची मुसमुसते. नानांची हंबरडा फोडते."

शेठ नानांच्या खोलीत गेले. आम्ही दारात गर्दी केली. त्यांनी भिंतीला नाक लावलं आणि परत आले. "मी जन्मभर मासळी खारवली आहे," ते म्हणाले. "ही भिंत खारवलेली आहे. वर टांगली तर बाजारात जाईल."

"खाडीचं पाणी," मी म्हटलं. "पत्रकात तेच लिहिलंय. चौथा परिच्छेद."

"खाडीचं असेल तर मी दगडात भिंत बांधून देतो. अल्लाची शपथ, उद्याच गवंडी लावतो. नसेल तर तुमची तुम्ही बघा. मंजूर?"

"मंजूर. पण ठरवणार कोण?"

शेठनी गिलाव्याचा एक पापुद्रा नखाने काढला आणि नानांपुढे धरला. "हे ठरवतील. मीठ चाखायला सगळ्या पनवेलात यांच्यासारखं कोण आहे?"

मला बरं वाटलं. शेठ स्वतःच्या पायाने खड्ड्यात उतरत होते. नानांनी एक शब्द बोलायचा होता, "खाडीचा." एवढ्यावर भिंत येत होती, आणि भिंतीमागून सून येत होती, नात येत होती. मी नानांकडे पाहून मान हलवली. बाळाराम गणवेशातच आला होता, त्यानेही हलवली. राधाकाकूंनी पदर तोंडाला लावला.

नानांनी पापुद्रा जिभेवर ठेवला. डोळे मिटले. एवढी मोठी चाळ, पण हंड्यात ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. नाना बराच वेळ डोळे उघडेनात. मग त्यांचा चेहरा असा झाला की गर्दीत एखादा ओळखीचा माणूस दिसावा, आणि तो भीक मागत असावा.

"खाडीचा नाय," ते म्हणाले. "आमचा हाय. माझ्याच गोनीतला."

नानांनी डोळे उघडले, भिंतीला हात लावला, ओला हात पाहिला, आणि स्वतःशी म्हणाले, "रडला."

त्या एका शब्दाने आंदोलन बसलं. लोक पांगले. बाळाराम बापाशी न बोलता ड्युटीवर गेला. मी थांबले, कारण मला राग आवरत नव्हता.

"नाना, एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"बाय, वान्याशी खोटा बोलीन. मालकाशी बोलीन. मिठाशी नाय बोलवत."

"आणि छबी?"

नाना कोपऱ्यातल्या गोणीकडे पाहत बसले. आजही माझं मत असं आहे की मालकाला भिंत बांधायला लावणं ही मालकाच्या बाबतीत खोटेपणाची गोष्टच नव्हती. गटार तर त्याचंच होतं. पण हे मत नानांना पटवण्याचा मार्ग नव्हता. त्यांना पत्रक चालत नसे, चव चालत असे.

सकाळी कुदळीच्या आवाजाने जाग आली. नाना एकटेच खोलीची जमीन खणत होते. वर्षानुवर्षं पेरलेलं मीठ मातीत मुरलेलं, आणि तिथून ओल ओढत भिंतीत चढलेलं. ती माती पाटीत भरून अंगणात टाकत होते. राधाकाकू दारात आल्या. मला वाटलं पापण्यांचं काढणार. त्यांनी पदर खोचला आणि दुसरी पाटी उचलली. "पापण्यांनी कधी आटपायचं नाही," एवढंच म्हणाल्या. मग मीही उचलली. निषेध नोंदवून उचलली.

दुपारपर्यंत अंगणात मातीचा ढीग झाला. तेवढ्यात कासमशेठ छत्री घेऊन आले, ढिगाकडे पाहिलं, आणि चिमूटभर माती बोटांत चुरली.

"ही माती कुठे टाकणार?"

"खाडीत," नाना म्हणाले.

"खाडीत कशाला? खोली माझी, तर माती पण माझी. माझ्या वाडीतल्या माडांना घालीन. खारं लागतं माडाला."

"फुकट?" मी मध्ये पडले. "घाम यांचा, मीठ यांचं, आणि नारळ तुमचे?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. नाना फावड्यावर रेलून उभे होते, पांढरे पाय मातीने काळे झालेले. त्यांच्या गळ्यात घामाने भिजलेलं छबीचं झबलं होतं. पुसायला दुसरं काही हाताशी नसावं. शेठनी घसा साफ केला.

"मुरूम पाठवतो. वर फरशी. आणि भिंत गुडघ्याएवढी दगडात. फक्त या खोलीची हां. हे पत्रकात घालू नकोस, नाहीतर सगळे खणायला लागतील."

म्हणजे भिंत आलीच. मंडळाच्या बैठकीत मी हा आपला विजय म्हणून मांडला. राधाकाकू म्हणाल्या, विजय माडांचा झाला. गटार मात्र राहिलं ते राहिलंच, आणि त्याबद्दल मी पुढेही लिहीत राहिले.

गौरी-गणपतीच्या आधी विमल आली. बाळारामने ट्रंक डोक्यावर घेतलेली, छबी कडेवर. नाना पायरीवर उभे होते, पण पुढे झाले नाहीत. विमलने चपला काढल्या, सरळ मागच्या भिंतीपाशी गेली, दगडावर तळहात टेकला. मग एक बोट भिंतीवरून फिरवलं आणि जिभेला लावलं. अख्खी चाळ दारात.

"अळणी आहे," ती म्हणाली, आणि पोरगी सासऱ्यांच्या हातात दिली.

तिची एक अट होती, आणि ती तिने चहाआधीच सांगितली. गोणी घरात नको. मीठ वाण्याकडून येईल, लागेल तेवढं, आणि बरणी तिच्या ताब्यात राहील. नानांनी मान हलवली. ज्या माणसाने एका लग्नात वाण्याच्या मिठामुळे हात आखडला होता, तो ही अट छबीचं नाक पुसत पुसत मान्य करून मोकळा झाला.

दोनेक पावसाळ्यांनंतर मी पनवेल सोडलं, मुंबईला कामाला गेले. निघाले त्या सकाळी पाऊस थांबून थांबून पडत होता. नाना पायरीवर बसलेले, आणि छबी त्यांच्यापुढे उकिडवी, हनुवटी गुडघ्यावर. उंबऱ्यावरून एक गोगलगाय चालली होती. पूर्वीसारख्या झुंडी राहिल्या नव्हत्या, पण एखादी येई. गटार उघडंच होतं.

मी पिशवी खाली ठेवून थांबले. नानांचा हात, सवयीने, कोटाच्या उजव्या खिशात गेला. बाहेर आला तेव्हा चिमटीत खडा होता. बरणीतून कधीतरी उचलला असणार. ते पुढे वाकले.

"नाना, नको," छबी म्हणाली. "ती घरी चालली."

नाना तसेच वाकलेले राहिले. एकदा आत, चुलीकडे, सुनेची चाहूल घेतली. मग खडा स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"कुठला, नाना?" मी विचारलं.

त्यांचं तोंड वाकडं झालं. "वान्याचा," ते म्हणाले, पण थुंकले नाहीत. छबीने फणसाचं एक पान आणून दिलं. त्यावर त्यांनी ती गोगलगाय अलगद चढवून घेतली, धोतर सावरत उठले, आणि ते पान पुढे धरून, तोंडात रडकं मीठ घोळवत, पावसात कासमशेठच्या माडांच्या दिशेने चालू लागले.